पोथ्यांस लागणारी कसर व तिचें निवारण

इतिहासाच्या साधनांचा नाश म्हटला म्हणजे परचक्र, आग व पूर यांची आठवण होते. घरांतील कोनाड्यांत वर्षानुवर्षें मुकाट्यानें चाललेल्या नाशाची होत नाहीं. बीड जिल्ह्यांत, विशेषतः अंबाजोगाईच्या आसपास, जुन्या घरांतील पोथ्या पाहतांना आम्हांस जें दिसलें, तें येथें थोडक्यांत मांडण्याचा हेतु आहे.

अंबाजोगाई हें मुकुंदराज व दासोपंत यांचें क्षेत्र. दासोपंतांचा काल शके १४७३ ते १५३७, म्हणजे इ. स. १५५१ ते १६१५. त्यांनीं पंचीकरणाचा विषय लांबलचक कापडी पासोडीवर लिहिला व ती पासोडी अंबाजोगाईस जतन झाली, हें वाचकांस ठाऊक आहेच. एक लेख चार शतकें टिकतो आणि त्याहून पुष्कळ अलीकडची पोथी हातांत घेतांच तिचा चुरा होतो. तेव्हां प्रश्न वयापेक्षां निगराणीचा आहे, असें म्हणावें लागतें.

प्रथम शत्रूची ओळख पाहूं. वाळवी मातीच्या वाटा बांधते. भुंगेऱ्याची अळी पानांतून आरपार वाटोळीं भोकें पाडते. कसर मात्र पानाचा पृष्ठभाग खरवडते व कडा कुरतडते. ती अर्ध्या इंचाहून कांहींशी लहान, पंखहीन व चंदेरी खवल्यांची असून तिच्या मागील टोकास तीन तंतु असतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें इ. स. १६६५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. तिचें आवडतें खाद्य पिष्टमय पदार्थ. देशी कागदावर शाई फुटूं नये म्हणून त्यास खळ देऊन घोटीत. ती खळच कसरीचें अन्न होते. अंधार व ओल हीं तिचीं माहेरघरें.

पोथ्यांच्या अखेरीस लेखक जे संस्कृत श्लोक लिहीत, त्यांपैकीं दोन फार प्रसिद्ध आहेत. एकांत तेल, पाणी, सैल बंधन व मूर्खाचा हात यांपासून रक्षण मागितलें आहे. दुसऱ्यांत पाणी, अग्नि, चोर व उंदीर यांपासून. कसरीचें नांव दोहोंत नाहीं. आमच्या मतें तिचा अंतर्भाव सैल बंधनांतच करावा. फळ्यांमध्यें दाबून रुमालांत घट्ट बांधलेल्या पोथींत तिला शिरावयास फट राहत नाहीं.

पूर्वजांचा दुसरा उपाय हरताळ. चुकलेलें अक्षर त्यानें झांकीत. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. कांहीं पोथ्यांचीं पानेंच हरताळानें पिवळीं केलेलीं आढळतात. हरताळ हें आर्सेनिक व गंधक यांचें संयुग असल्यामुळें तें कीटकांस मारक, तसेंच मनुष्यासही विषारी आहे. म्हणून हा उपाय आज कोणीं करूं नये; अशीं पिवळीं पानें बोटास थुंकी लावून उलटूं नयेत व नंतर हात धुवावे. वेखंड व निंबाचा पाला ठेवण्याची रीत निरुपद्रवी खरी, परंतु वास उडतो आणि ओल तशीच राहते.

खरा उपाय कोरडेपणाचा. जैन समाजांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीस, ग्रंथ बाहेर काढून स्वच्छ करितात. हा काळ पावसाळ्याच्या तोंडचा. आपल्याकडील सरस्वतीपूजन आश्विनांत, पाऊस सरतांना येतें. आजच्या गृहस्थानें एवढेंच करावें : पेटी भिंतीपासून हातभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावी, पावसाळ्यापूर्वीं व नंतर पोथी सोडून मऊ कुंचल्यानें झाडावी, प्रखर उन्हांत न घालतां सावलींत वारा द्यावा, जुना रुमाल धुऊन पूर्ण वाळल्यावरच पुन्हां बांधावा, आणि फाटलें पान घरच्या खळीनें चिकटवूं नये, कारण तें कसरीस आमंत्रणच होय.

आमच्या स्वतःच्या घरच्या एका पोथीचें शेवटचें पान कसरीनें खाल्लें. पोथीचा मजकूर बहुतेक शाबूत आहे; पुष्पिकेंत ‘शके’ हा शब्दही स्पष्ट वाचतां येतो; पुढील आंकडे व लेखकाचें नांव मात्र गेलें. वरखालचीं पानें बाहेरचीं, म्हणून तींच प्रथम जातात, आणि नेमका काल तेथेंच लिहिलेला असतो. मजकूर दुसऱ्या प्रतींतून मिळूं शकेल. त्या अज्ञात लेखकाचें नांव दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं. ज्यांच्या घरीं पोथ्या आहेत, त्यांनीं निदान हीं शेवटचीं पानें तरी आजच उतरून घ्यावीं, अशी आमची विनंति आहे.