डोंगराने उचललेले नाट्यगृह

श्रोतेहो, जत्रेत खेळ उभा राहिला की माणसे आपणहून जवळच्या चढावर जाऊन बसतात. ग्रीस देशातल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहाचे मूळ यातच आहे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तिथल्या कारागिरांनी डोंगराचा उतार पंख्यासारखा कोरला आणि त्यावर चुनखडीच्या दगडांच्या 34 ओळी बसवल्या. पुढे वर आणखी 21 आल्या. तळाशी गोल अंगण, तिथे गायकवृंदाने नाचायचे. चढ असा, की पुढच्याचे डोके आड येत नाही आणि आवाजही अडत नाही. वरून पाहावे तर नटांच्या मागे सारा मुलूख पसरलेला. याहून चांगला पडदा कोण रंगवणार?

रोममध्ये मार्सेलसचे नाट्यगृह सपाटीवर बांधले, तेव्हा प्रेक्षकांच्या भारासाठी कमानींवर कमानी चढवाव्या लागल्या. इथे तो भार डोंगराने घेतला. गुरुजी, शाळेच्या रंगमंचासाठी वर्गणी काढण्याआधी मागची टेकडी एकदा पाहून या बरे!

एपिडॉरसला नटांमागची उभी इमारत कोसळली, पाया तेवढा राहिला. आसने मात्र मातीखाली टिकली; 1881 साली उत्खनन सुरू झाले, तेव्हा ती उजेडात येऊ लागली. 1955 पासून तिथे उन्हाळ्यात नाट्यमहोत्सव भरतो, आणि लोक त्या जुन्या दगडांवरच बसतात.