पिंपरीची प्रयोगशाळा आणि उन्हाचे रसायन

पिंपरी-चिंचवडचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो: आकुर्डीची स्कूटर, टेल्कोचा ट्रक, मग चाकणच्या मोटारी. क्रम खोटा नाही, पण त्याची सुरुवात चुकते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या ‘एचए कंपनी’ने औषध बनवण्याबरोबर औषध शोधण्याचीही व्यवस्था केली होती. तिचा स्वतःचा संशोधन विभाग होता, १९५८ पासून स्वतःची शोधपत्रिका होती, आणि १९६१ मध्ये तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक जगापुढे मांडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगाच्या जीवशास्त्रात पिंपरीचे नाव गेले ते प्रयोगशाळेमुळे. तरीही सौरऊर्जेच्या प्रकाशरसायनात पीएचडीनंतर संशोधन करू पाहणाऱ्या तरुणांसाठी पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात जागा असाव्यात असे म्हटले की ‘हे काम कारखान्यांच्या गावाचे नव्हे’ असे उत्तर मिळते. या गावाचा पहिला मोठा कारखानाच त्या उत्तराविरुद्धचा पुरावा आहे.

हॅमायसिनचा रेणू जवळून पाहिला तर पिंपरी आणि प्रकाशरसायन यांचा संबंध आणखी पक्का होतो. त्याच्यात कार्बनच्या सात दुहेरी बंधांची एकाआड एक साखळी असते. अशी साखळी सूर्यप्रकाशातले जांभळ्याच्या अलीकडचे-पलीकडचे किरण शोषून घेते, त्या ऊर्जेने उत्तेजित होते, आणि हवेतला ऑक्सिजन तिला गाठून मोडतो. म्हणून या जातीची औषधे उजेडापासून दूर आणि थंड ठेवावी लागतात. प्रकाशाने रेणूचे काय होते हा प्रश्न पिंपरीत औषधाच्या टिकाऊपणाचा प्रश्न म्हणून आला. पुढे चाकणला तोच प्रश्न रंगाच्या रूपाने आला. पांढऱ्या मोटारीचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. या भुकटीवर अतिनील किरण पडले की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यातून तयार होणारे क्रियाशील रेणू भोवतालच्या रेझिनला खाऊ लागतात. रंग खडूसारखा हाताला लागतो. हे टाळण्यासाठी रंग बनवणारे तिच्या प्रत्येक कणावर सिलिका किंवा अॅल्युमिनाचे पातळ आवरण चढवतात. आणि नेमका हाच पदार्थ, भुकटीऐवजी स्फटिकाच्या इलेक्ट्रोडच्या रूपात, १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी पाण्यात ठेवला, त्याच्यावर प्रकाश पाडला आणि पाणी फोडून हायड्रोजन मिळवता येतो हे दाखवले. सौर प्रकाशरसायनाची आधुनिक शाखा त्या निबंधापासून वाढली. म्हणजे आमच्या पेंट शॉपमध्ये जी प्रक्रिया थोपवण्यासाठी पैसा खर्च होतो, तीच प्रक्रिया इंधनासाठी हवी आहे. प्रकाशापासून माल वाचवण्याचे शास्त्र या पट्ट्याला परके नाही. प्रकाशाकडून काम करून घेण्याचे शास्त्र त्याच पदार्थांचे, त्याच मोजमापांचे आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे मूळ रंगांतच सापडते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे जगन्मान्य तज्ज्ञ. १९५७ मध्ये ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, आपल्या एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. कापडाचा रंग उन्हात का उडतो, हा गिरणीवाल्यांचा रोजचा प्रश्न होता. १९९१ मध्ये ओरीगन आणि ग्रेट्झेल यांनी रंगद्रव्याने प्रकाश टिपणारा सौरघट मांडला, तेव्हा रंगरसायनाला नवे काम मिळाले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, रासायनिक द्रावणातून काचेवर पातळ थर बसवून प्रकाशविद्युत-रासायनिक घट बनवले होते. महागड्या निर्वात यंत्रांशिवाय, बीकरमध्ये. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण साधनांची टंचाई तिथे पद्धतच होऊन बसली. एनसीएलमध्ये चिन्नाकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने २०१७ मध्ये टायटॅनिया (म्हणजे तेच टायटॅनियम डायऑक्साइड), सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि क्वांटम डॉट एकत्र आणून, तारा न जोडता पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या कृत्रिम पानाचे काम प्रसिद्ध केले.

मग तुटते कुठे? माझे म्हणणे असे की, ज्ञान आणि कारखाना यांच्यामध्ये जो माणूस उभा राहायला हवा, त्याची जागा आपण कधी पक्की केली नाही. हातांच्या शिक्षणाची सोय या पट्ट्याने उत्तम केली. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानंतर फिटर, टर्नर, टूलमेकर घडवण्याची परंपरा इथे इतकी मुरली की टेल्कोत शिकलेला अप्रेंटिस हीच एक ओळख झाली. पीएचडीनंतरच्या माणसासाठी मात्र देशाने १९५८ मध्ये जी सोय केली, ती होती सीएसआयआरची सायंटिस्ट्स पूल योजना: परदेशातून परतलेल्याला कायम नोकरी मिळेपर्यंत तात्पुरता आधार. परतणाऱ्याला सावरणे हा तिचा हेतू होता, एखादा प्रश्न हाती देऊन तो तडीस नेणे हा नव्हता. त्याच वेळी बाहेर काय घडत होते ते पाहा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने सौर संशोधनात पैसा ओतला. मुंबई विद्यापीठातून १९७९ मध्ये पीएचडी झालेले प्रशांत कामत बॉस्टन आणि ऑस्टिन इथे पोस्टडॉक करून १९८३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीत गेले आणि या विषयातले जगातले एक अग्रगण्य नाव झाले. गुणवत्ता मुंबईत तयार झाली. पुढच्या संशोधनाची बाके मात्र परदेशात मांडलेली होती.

यावर पहिला आक्षेप एचए कंपनीच्याच नशिबाचा. ती आजारी पडली, १९९७ मध्ये औद्योगिक पुनर्रचना मंडळाकडे गेली, आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी तिची जास्तीची जमीन विकण्याचा निर्णय घेतला. कारखान्याशेजारच्या प्रयोगशाळेने काय वाचवले, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कंपनीची आर्थिक घसरण आणि तिच्या संशोधनाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधन केले म्हणून ती बुडाली असे कोणी दाखवलेले नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सिलिकॉनचे पॅनेल इतके स्वस्त झाले आहे की कृत्रिम पान मागे पडले. टायटॅनिया सूर्यप्रकाशाचा जेमतेम विसावा हिस्सा वापरते, बाकीचा वाया जातो. हे मान्यच करायला हवे. छतावरच्या विजेसाठी प्रकाशरसायनाची गरज नाही. पण कारखान्याला विजेबरोबर इंधन आणि रसायनेही लागतात, आणि स्वस्त वीज असली तरी पाणी फोडायला चांगला उत्प्रेरक, टिकणारा पडदा आणि न गंजणारा इलेक्ट्रोड लागतोच. प्रकाशरसायनात तयार झालेला संशोधक हे तिन्ही ओळखतो. तिसरा आक्षेप: पाषाणला एनसीएल आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आहेत, चाकणला आणखी बाक कशाला? त्याचे उत्तर पुण्यातल्याच एका कामात आहे. एनसीएल आणि वाहन-तंत्रज्ञानातली केपीआयटी कंपनी यांनी २०२० मध्ये देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजन बस पुण्यात रस्त्यावर आणली. रसायनाची माणसे आणि वाहनाची माणसे एका टेबलावर बसली तेव्हाच ते जमले.

पैशाचे गणितही पाहू. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद १९,७४४ कोटींची. त्यात संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे शंभरात दोन. केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. नवा पदार्थ बनवून, मोजून, उन्हात हजार तास टिकतो का हे तपासायचे तर दोन वर्षे पुरत नाहीत. पहिले वर्ष उपकरण जुळवण्यात जाते, आणि दुसऱ्याच्या मध्यावर माणूस पुढच्या अर्जाला लागतो. अशा जागेवर कोणी अवघड प्रश्न घेणार नाही, सोपा निबंध लिहून मोकळा होईल. दोष त्या तरुणाचा नसेल.

तेव्हा चाकण-पिंपरीच्या कंपन्यांकडे आणि एनसीएल, आयसर यांच्याकडे मागणी अशी आहे. सौर प्रकाशरसायनातल्या पोस्टडॉकच्या जागा संयुक्त करा आणि त्या तीन वर्षांच्या करा. अर्धे काम पाषाणच्या लॅबमध्ये आणि अर्धे कारखान्याच्या पेंट शॉपशेजारी किंवा टेस्टिंग विभागात होऊ द्या. पगार कंपनीच्या नव्या इंजिनियरपेक्षा कमी ठेवू नका, आणि मिळालेले निष्कर्ष छापण्याची मोकळीक करारातच लिहून द्या.