वाजवी वाटा आणि पटलावरचा अहवाल : वाशिमच्या अनुशेषाचा पूर्वेतिहास

प्रादेशिक विकास मंडळांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर ठेवला जावा आणि विकासनिधीच्या न्याय्य वाटपाची हमी मंत्रिमंडळाऐवजी राज्यपालांकडे असावी, ही भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मधील तरतूद सामान्यतः संयुक्त महाराष्ट्राच्या वाटाघाटींचे फलित मानली जाते. परंतु तिचे मूळ त्याहून जुने असून ते वऱ्हाडात, म्हणजे आजचा वाशिम जिल्हा ज्या प्रांताचा दक्षिण भाग होता त्या प्रांतात, सापडते.

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, १९०२ च्या करारानुसार तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. या व्यवस्थेत वाशिम हे काही काळ जिल्ह्याचे ठाणे होते. मात्र १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला आणि पुसद यवतमाळला जोडण्यात आला. कारभार इंग्रजांचा असला तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिल्यामुळे वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता आणि त्यातून एक विलक्षण पेच उभा राहिला. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर नागपूरच्या विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी पाठवायचे झाले, तेव्हा मतदान वऱ्हाडातच होई, पण निवडून आलेल्या व्यक्तीस गव्हर्नर नामनिर्देशित करी, म्हणजे आपल्या अधिकारात तिची सदस्य म्हणून नियुक्ती करी, आणि अशा सदस्यास निवडून आलेला मानावे असे कायद्यात लिहिलेले होते. वाशिमच्या मतदाराचा प्रतिनिधी हा अशा रीतीने सभागृहात निवडीने नव्हे, तर नियुक्तीपत्राने बसत असे.

याच काळात पैशाचा प्रश्न पुढे आला. वऱ्हाड तेव्हा कापसामुळे सधन होता, त्याचा जमीन महसूल भरघोस होता आणि तो मध्यप्रांताच्या गरजांसाठी वापरला जातो अशी वऱ्हाडी पुढाऱ्यांची तक्रार होती. म्हणजे आज मागासलेपणाच्या नावाने मागितला जाणारा वाटा त्या वेळी समृद्धीच्या नावाने मागितला जात होता, ही गोष्ट विदर्भाच्या प्रश्नावरील चर्चेत फारच थोड्यांच्या ध्यानात राहते. या तक्रारीची कायद्याने घेतलेली दखल १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. प्रांताच्या महसुलाचा वाजवी वाटा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडच्या हितासाठी खर्च होईल हे पाहणे, ही मध्यप्रांत व वऱ्हाडच्या गव्हर्नरची ‘विशेष जबाबदारी’ असल्याचे त्यात स्पष्टपणे नमूद केले आहे. विशेष जबाबदारी म्हणजे ज्या बाबतीत गव्हर्नरने मंत्र्यांच्या सल्ल्यावर विसंबून न राहता स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागावे अशी बाब.

हाच शब्दप्रयोग पुढे संविधानात आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे, त्याविषयीचा अहवाल दरवर्षी राज्याच्या विधानसभेपुढे ठेवण्याचे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे मान्य झाले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामकाजाचा वार्षिक अहवाल आणि राज्यपालांची विशेष जबाबदारी यांची तरतूद झाली. परंतु ही तरतूद राष्ट्रपतींच्या आदेशावर अवलंबून होती आणि तो आदेश ९ मार्च १९९४ पर्यंत निघाला नाही. नागपूरचे अधिवेशन बहुतेक वर्षी भरत राहिले आणि घटनेतील अहवालाच्या तरतुदीसाठी मात्र अडतीस वर्षे वाट पाहावी लागली, हे या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण होय.

मधल्या काळात मोजमापाचे काम प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने केले. तिची रीत साधी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची पातळी राज्याच्या सरासरीशी ताडून पाहायची, जिल्हा जेवढा मागे असेल तेवढी तूट भरून काढण्यास लागणारा खर्च काढायचा आणि त्या रकमेस ‘अनुशेष’ म्हणायचे. सरासरीच्या पुढे असलेल्या जिल्ह्यांची आघाडी मात्र वजा करायची नाही. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला व त्यात विदर्भाचा हिस्सा ३९.१२ टक्के होता. पुढे १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली, त्यांवर राज्यपालांनी विधानसभा सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी, विषयांचे तज्ज्ञ व महसूल आयुक्त यांच्या नियुक्त्या केल्या, आणि राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीनुसार हा आकडा १४,००६.७७ कोटींवर नेला, ज्यात विदर्भाचा वाटा ६,६२४.०२ कोटींचा होता.

वाशिमच्या दृष्टीने या पद्धतीचा दोष तिच्या एककात होता. मोजणीचे एकक जिल्हा आणि वाशिम तर अकोल्याच्या पोटात. त्यामुळे पैनगंगेच्या वरच्या खोऱ्यातील रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या कोरडवाहू पठाराचे आकडे पूर्णेच्या सखल खोऱ्यातील अकोला, बाळापूरच्या आकड्यांत मिसळून जात. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला, पण अनुशेषाचा पाया १९९४ चाच राहिला, म्हणजे ज्या वर्षी हा जिल्हा कागदावरही नव्हता त्या वर्षाचा. तरीही राज्यपालांच्या पुढील निर्देशांत सिंचनाचा अनुशेष उरलेल्या जिल्ह्यांमध्ये अकोला, अमरावती व बुलढाण्याच्या जोडीला वाशिमचे नाव स्वतंत्रपणे येऊ लागले आणि नव्या जिल्ह्याची उणीव प्रथमच त्याच्या स्वतःच्या नावाने सभागृहापर्यंत पोहोचली. जिल्हानिर्मितीचा हा लाभ नव्या कचेऱ्यांच्या इमारतींहून मोठा मानला पाहिजे.

मोजमापाचे एकक तालुका असावे, हे विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने सुचवले. तिचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये शासनाला मिळाला व डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवण्यात आला. अहवाल पटलावर ठेवणे म्हणजे मंत्र्याने पीठासीन अधिकाऱ्यांच्या अनुमतीने तो सभागृहाच्या अभिलेखात दाखल करणे. तेवढ्याने तो स्वीकारला गेला असे होत नाही, चर्चाही आपोआप होत नाही, मात्र त्या क्षणापासून प्रत्येक सदस्याला त्याच्या आधारे शासनाकडे जाब मागता येतो. म्हणूनच पटलावर येण्यास लागणारा विलंब ही केवळ कार्यालयीन बाब समजता येत नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. दरम्यान, २०१८ पासून वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी एक असून त्याच्या आरोग्य, शिक्षण व शेतीच्या निर्देशांकांची क्रमवारी दिल्लीहून जाहीर होते. ती मोजणी उपयुक्त आहे, परंतु ती कोणत्याही सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचे घटनात्मक बंधन नाही. तसे बंधन अनुच्छेद ३७१(२) मध्ये आहे आणि ते मंडळांच्या कामकाजाच्या अहवालापुरते असल्यामुळे, मंडळ अस्तित्वात नसताना विधानसभेसमोर ठेवण्यासारखा अहवालही उरत नाही.