झाड कोण लावतो? कुळाचं रान आणि आमराईचा इतिहास



मिरग निघाला की झाडं लावायचा विषय दरवर्षी निघतो. आज रोपांची माहिती देत नाही. आपल्या भागात जुनी झाडं कोणाच्या रानात आहेत आणि कोणाच्या रानात नाहीत, त्यामागचा इतिहास थोडा सांगतो. तो कळला की आज बांध उघडे का पडलेत, हेही कळतं.

गावरान आंब्याची कोय लावली तर फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात. चिंचेचंही तसंच. एकदा धरलं की मात्र झाड तीन-चार पिढ्यांना पुरतं. म्हणजे आंबा लावणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची खात्री लागते. दहा वर्षांनी हे रान आपल्याकडंच असेल, आणि आपल्यामागं ते आपल्या लेकरांकडं जाईल. ही खात्री नसेल तर माणूस ज्वारी पेरतो, कापूस लावतो, झाड लावत नाही. यात आळस नाही, साधा हिशेब आहे.

हा हिशेब जुन्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय आहे. आंबा-फणसाचं लाकूड कामाचं असलं तरी रयतेच्या झाडाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. फारच गरज पडली तर जीर्ण झालेलं झाड, तेही मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन घ्यावं. झाड ही लावणाऱ्याची कमाई आहे, हे तीनशे वर्षांपूर्वी कागदावर आलेलं होतं.

आता आपल्याकडं येऊ. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगांच्या काळात, १८६५ मध्ये, जिल्हाबंदी झाली, पुढं जमिनीची मोजणी झाली आणि दिवाणी मुलखात रयतेच्या नावानं सारा लागू लागला. पण सगळी गावं दिवाणी नव्हती. काही जहागिरीत, काही खुद्द निजामाच्या सर्फ-ए-खास मुलखात होती. आणि दिवाणी गावातही जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, असं भरपूर होतं. कसणारं कूळ आज इथं, पुढच्या साली काढलं तर दुसरीकडं. अशा कुळानं आंबा कशाला लावावा? आणि लावतो म्हणाला तरी मालकाला शंका, की आज झाड लावतोय, उद्या रानावर हक्क सांगेल. म्हणून जुनी आमराई शोधायला निघालात तर आधी वतनदाराच्या, इनामाच्या आणि देवस्थानाच्या जमिनी बघा. त्यांना पिढीची खात्री होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा आला. बरीच वर्षं जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ म्हणून हक्क मिळाला, तो हक्क वारसाकडं जाण्याची सोय झाली आणि पुढं मालक होण्याची वाट उघडली. शेजारच्या मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळ कायद्यात तर कुळानं लावलेल्या झाडांसाठी वेगळं कलम आहे. वहिवाट आहे तोवर फळ आणि लाकूड कुळाचं, आणि जमीन सुटली तर झाडांची भरपाई. कायदा लिहिणाऱ्यांना झाडाचा प्रश्न बरोबर समजला होता.

पुढं आपण १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं धारण जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाला दिला. त्याआधी १९६४ मध्ये झाडतोडीचा कायदा आला होता. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशी ठरलेली झाडं स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला परवानगी लागते. हेतू झाड वाचवायचा, पण त्याची दुसरी बाजूही आहे. परवानगीची कटकट नको म्हणून बांधावर आपोआप उगवलेलं रोप हातभर असतानाच उपटणारे बरेच.

मग १९७२ चा दुष्काळ. त्यानंतर रोजगार हमी आली आणि १९९० पासून तिला जोडून फळबाग लागवड योजना. अनेक लहान शेतकऱ्यांनी पहिल्यांदा ओळीनं कलमं लावली ती या योजनेतून. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, तेही झाडं जगली तर. खड्ड्याला पैसे देण्यापेक्षा जगलेल्या झाडाला पैसे, ही पद्धत चांगली.

तरीही बांध उघडे पडले. सोयाबीनला ऊन लागतं, ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, आणि वाटण्या होऊन रान इतकं अरुंद झालं की एकाच्या झाडाची सावली दुसऱ्याच्या पिकावर पडते. चौघा भावांत जमीन वाटली जाते. झाड वाटता येत नाही म्हणून विकलं जातं.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. आज पुष्कळ जमीन ठोक्यानं किंवा बटईनं दिली जाते. मालक शहरात, कसणारा गावात. कूळ लागेल या भीतीनं करार तोंडी आणि एका सालाचा. ज्या कायद्यानं कसणाऱ्याला झाड लावायची हिंमत दिली, त्याच्याच भीतीनं आजचा कसणारा पुन्हा एका सालावर आलाय. तो झाड लावणार नाही, शेणखतही हात आखडूनच टाकणार.

यावर आपल्या हातात काय आहे?

वाटणीपत्रात झाडांची नोंद वेगळी करा. कोणतं झाड, कोणत्या बांधावर, फळाचा वाटा कसा, ते लिहा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, तपासा.

बटईच्या बोलीत झाडाचा विषय काढा. झाड मालकाचं, पण लावून जगवणाऱ्याला ठरलेली मजुरी किंवा फळात वाटा, असं पाच-सात वर्षांसाठी कागदावर ठरवता येतं. कागद मात्र जाणकाराला दाखवूनच करा.

गावरान आंब्याची कोय लावली तर तेच फळ येईल याचा भरवसा नसतो. शेप्या, गोट्या, खोबऱ्या अशी नावं असलेलं झाड तोडलं की ते वाण गेलंच. म्हणून पडायला आलेल्या झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या निबर काड्या घेऊन पावसाळ्यात कलम बांधून घ्या.

कोरडवाहूत कोय जागेवरच लावा आणि नंतर तिथंच कलम करा. पिशवीत सोटमूळ वळतं किंवा तुटतं. जागेवरच्या कोयीचं सरळ खोल जातं आणि उन्हाळा काढतं. पाणी साचणारी भारी काळी जमीन मात्र आंब्याला टाळा.

हळदवाल्यांनी एक लक्षात घ्या. हळदीला थोडी सावली चालते. त्यामुळं वसमत भागात बांधावरचं झाड सोयाबीनच्या रानाइतकं नडत नाही.

तुमच्या गावातलं सगळ्यात जुनं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड कोणाच्या रानात आहे आणि ते लावलं तेव्हा ती जमीन कोणाची होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल. कळलं तर इथं लिहा, झाडाच्या नावासकट.