पिर्गीच्या देवळातला सोन्याचा पत्रा

तुम्ही पिर्गीच्या बंदरात उतरता तेव्हा इ. स. पू. 500 च्या आसपासचा काळ आहे. कैरे या श्रीमंत एट्रुस्कन नगराचं हे बंदर, रोमपासून फार दूर नाही. देवळाच्या लाकडावर एक कारागीर सोन्याचे पातळ पत्रे ठोकतोय. खिळ्यांची डोकीही सोन्याची. पत्रे तीन आहेत. दोहोंवर एट्रुस्कन मजकूर, तिसऱ्यावर फिनिशियन. राजा थेफारिए वेलियानासने हे स्थान देवीला वाहिलंय. एट्रुस्कनांची ती उनी, फिनिशियनांची अस्टार्टे. फिनिशियन मजकुरात राजवटीचं तिसरं वर्ष आहे. एट्रुस्कन पत्र्यावर तुम्ही वाचता, ‘की अविल’. अविल म्हणजे वर्ष, की म्हणजे तीन.

आता फाशांची आठवण काढा. 1848 मध्ये एट्रुरियात सापडलेल्या दोन फाशांवर टिंबांऐवजी आकड्यांची नावंच कोरली होती: थु, त्साल, की, हुथ, माख, सा. हे सहा शब्द पाठ करूनच आर्मेनियात या, साल इसवी 405. मेस्रोप माश्तोत्सने नुकतीच 36 अक्षरं घडवलीत आणि शिष्य ती गिरवताहेत. कोणी आकडे मोजतं. दोनला ‘एर्कू’, तीनला ‘एरेक’, दहाला ‘तास्न’. की कुठेच नाही, त्सालही नाही. उलट मुलीला ‘दुस्त्र’ म्हणतात आणि तुम्हाला दुहिता आठवते. गाय ‘कोव’, नाव ‘आनून’. ही बोली दूरची असली तरी मराठीच्याच गोतातली आहे. एट्रुस्कन मात्र मुलीला ‘सेख’ म्हणतात आणि मुलाला ‘क्लान’.

तरीही एट्रुस्कन आणि आर्मेनियन एका घरच्या, असं मनापासून मानणारे झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एलिसने 1861 मध्ये एट्रुस्कनांचं मूळ आर्मेनियन असल्याचं पुस्तक लिहिलं. पुढे 1875 मध्ये हाइनरिख ह्युब्शमानने आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा असल्याचं दाखवलं. तरी तुम्ही 1890 च्या क्रिस्तियानियात, आजच्या ओस्लोत, एट्रुस्कनला आर्मेनियनशी जोडू पाहणारा भाषापंडित सोफुस बुग्गे याच्या टेबलाशी उभे राहता. तेव्हा पिर्गीचे पत्रे मातीखालीच आहेत; ते 1964 मध्ये निघतील. बुग्गेच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण सुटे शब्द जुळवत गेलं की कोणतीही भाषा कोणत्याही भाषेची बहीण ठरते. आकडे, नात्यांची नावं, प्रत्यय आणि नियमाने बदलणारे ध्वनी, हे सगळं एकत्र जुळायला हवं. ते इथे जुळत नाही.

आणि खरा धागा बुग्गेच्या हाताशीच होता. एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावर, कामिनियात, 1885 मध्ये एक शिळा सापडली होती. त्याने तिच्यावर लिहिलंही होतं, 1886 मध्ये. म्हणून शेवटचा मुक्काम तिथेच करा, इ. स. पू. सहाव्या शतकात. भाला धरलेल्या योद्ध्याभोवती अक्षरं आहेत आणि त्यात त्याचं वय, ‘अविस सिआल्खविस’. एट्रुस्कन थडग्यांवर वय सांगताना ‘अविल्स’ आणि ‘शेआल्ख्ल्स’ असे शब्द येतात. इथे नुसता शब्द नाही, अख्खी म्हणण्याची पद्धतच सारखी आहे. शिळेच्या कडेने बोट फिरवत वाचा. आर्मेनियापर्यंत जायची गरजच नव्हती.