आज नको जी

इटालियन वाक्यांची वही खिशातच राहू द्या. तुम्ही वरोऱ्याच्या बाजारात उभे आहात आणि साल आहे 1953.

वहीतलं तुम्हाला पाठ आहे. वेटरला हाक मारायची ती ‘स्कूझी’ म्हणून. ‘वॉल्यो’ असं थेट, हुकमी बोलायचं नाही. ‘वॉर्रेई’ म्हणायचं, शेवटी ‘पेर फावोरे’ जोडायचं, की मागण्याला अदब येते. पोट भरलं की ‘बास्ता कोसी, ग्रात्सिए’. रोमच्या खानावळीत हे सगळं चालतं, कारण तिथे मागणारे तुम्ही असता. इथे देणारे तयार बसलेत; मागायलाच कोणी येत नाही.

टोपलीत वांगी आहेत, भेदरं आहेत, सांबाराच्या जुड्या आहेत. माल सकाळीच तोडलेला. “कुठली वांगी जी?” एक बाई विचारते. उत्तर ऐकताच तिचा हात मागे जातो. “आज नको जी.” वाकडं कोणीच बोलत नाही. नकार इतका सभ्य असतो, तेव्हा त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

ही भाजी आनंदवनातली. जून 1951 मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरुग्णांना घेऊन गावाबाहेरच्या खडकाळ रानात राहायला गेले, तेव्हा गाठीला 14 रुपये होते आणि सोबत एक लंगडी गाय. बाबा याच वरोऱ्यात वकिली केलेले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. ती ओळखही इथे कामाची नाही. रुग्णांसोबत राबून त्यांनी विहीर खोदली, पाणी लागलं, भाजी पिकली. खाऊन उरली, आणि उरलेली पडून राहिली.

आता वर्षभर पुढे या. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण-तरुणी आनंदवनात श्रमदानाला आलेत. दिवसभर बांधकाम चालतं, मग पंगत. बसा त्यांच्यात. पानात तीच वांगी, तिथल्याच गायीचं दूध. शेजारच्या पोराला मराठीचा एक शब्द येत नाही; पण भाजी कोणी पिकवली हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तो ताट पुढे करतो. पुन्हा एकदा करतो. तुमचं ‘वॉर्रेई’ याहून जास्त काय सांगणार?

गोरी माणसं बघायला वरोऱ्याहून लोक येतात. बघता बघता त्यांना दिसतं की हे पाहुणे इथलंच खातात-पितात आणि ठणठणीत आहेत. तेव्हा कुठे गावात आनंदवनाची भाजी खपू लागते. शेजाऱ्यानं पिकवलेलं चालेना, ते साता समुद्रापलीकडच्या माणसानं खाल्ल्यावर चाललं. वरोऱ्यालाच कशाला, आपल्या कुठल्याही गावाला हे फारसं भूषणावह नाही.

कधी वरोऱ्याला उतरलात तर आनंदवनात जाऊन या. जेवायची वेळ असेल तर जेवा, आणि वाढणाऱ्याला म्हणा, “थोडं अजून वाढा जी.”