आधी काय? नगराध्यक्षपदाचे उमेदवार आणि त्यांचे प्राधान्यक्रम

आजच्या व्याख्यानाचा विषय छोट्या शहरांचा आहे. मोठ्या शहरांत महापौर असतो, पण आपल्याकडे त्याला नगरसेवक निवडतात. मतदार थेट निवडतो तो नगराध्यक्ष, म्हणजे नगरपरिषदेच्या गावाचा पहिला नागरिक. २०२५ च्या डिसेंबरात राज्यभर या पदासाठी मतदान झालं. गावोगावची पत्रकं पाहिली तर यादी साधारण सारखीच असते. रोज पाणी, भुयारी गटार, चांगले रस्ते, उद्यान, नाट्यगृह, स्वागत कमान. सगळंच पहिल्या क्रमांकावर.

आपला आजचा मुद्दा असा की, सगळंच पहिलं असेल तर त्याला प्राधान्यक्रम म्हणता येत नाही. क्रम लावायचा म्हणजे कशाला तरी थांबायला सांगायचं. इतिहासात हे कोणी, केव्हा केलं आणि त्याचं काय झालं, हे आपण तीन टप्प्यांत बघू.

पहिला टप्पा पुण्याचा. १८८० च्या सुमाराला पुण्याची वस्ती जेमतेम लाखभर होती, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या नगरपरिषदेएवढी. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिथल्या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार होते, आणि त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचं नगरपालिकेनं ठरवलं. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं नेमलेला माणूस सरकारच्या सर्वांत मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणतोय! ठराव अर्थातच झाला. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की फुल्यांनी दोन खर्च शेजारी-शेजारी ठेवले आणि यातला एकच होईल, तर कोणता, असं विचारलं. शिक्षण हवं, असं तेव्हाही कोणीही म्हणाला असता. स्वागत नको, असं म्हणणारे मात्र ते एकटे पडले. प्राधान्य खऱ्या अर्थानं तिथे दिसतं.

दुसरा टप्पा महाडचा. इथे प्रश्न पाण्याचा आहे, आणि पाणी हा तर आजही प्रत्येक पत्रकातला पहिला मुद्दा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. बहुतेक नगरपालिकांनी तो फायलीत ठेवून दिला. महाडच्या नगरपालिकेनं मात्र जानेवारी १९२४ मध्ये आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. त्यामागे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता.

मग तळं खुलं झालं का? कागदावर झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं तिथे कोणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेनं आपला जुना ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करणारा हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं!

इथून काय घ्यायचं? एक तर, गावाला पाणी हे प्राधान्य अर्धवट आहे. कोणाला पाणी, हे त्याच्यासोबत यावं लागतं. महाडात पाण्याचा तुटवडा नव्हता, तळं भरलेलं होतं. दुसरं असं की, त्या काळी मत देण्याचा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. ज्यांना तळ्याची गरज होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. ठराव मागे घेणाऱ्या सभासदांना मतपेटीत त्याची किंमत मोजावी लागणार नव्हती. आज मत सर्वांना आहे. पण गावाच्या टोकाची वस्ती, जलवाहिनीच्या शेवटी असणारी गल्ली, जिथे पाण्याचा दाब पोचत नाही, ती कितव्या क्रमांकावर आहे, हे पत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं.

आता तिसरा टप्पा, आपल्या डोळ्यांसमोरचा. इथे दोन गोष्टी एकत्र बघायला हव्यात, एक सत्तेची आणि एक पैशाची.

सत्तेची आधी बघू. महाराष्ट्रात १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला. नंतर ती पद्धत गेली. २००१ मध्ये परत आली, पुन्हा गेली. २०१६ मध्ये आली, महाविकास आघाडीच्या काळात गेली, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा आली. इतक्या वेळा नियम बदलला, पण पद मजबूत करायचं का, यावर चर्चा कमीच झाली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं अनेक गावांत होतं. मग तो ठराव मांडतो आणि सभागृह तो अडवतं. शिवाय प्रशासन चालवणारा मुख्याधिकारी राज्य सरकारचा, त्याची बदली मंत्रालयातून. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय मोजून दिले. पण कोणता विषय प्रत्यक्षात किती सोपवायचा, हे राज्यांवर सोडलं.

आता पैशाची गोष्ट. गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, तो आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. नाक्यावर ट्रकांची रांग, कटकट, भ्रष्टाचार, सगळं होतं. तरीही तो गावाचा स्वतःचा पैसा होता. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आलं. व्यापाऱ्यांची सुटका झाली, ते बरंच झालं. पण गावाच्या हातात मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांची भाडी एवढंच उरलं. मोठं काम काढायचं तर राज्याच्या किंवा केंद्राच्या योजनेकडे बघावं लागतं.

इथे आपल्या ओळखीचं एक वाक्य आठवा, “मी निधी खेचून आणीन.” प्रचारात हे हमखास ऐकू येतं. आपण त्याला हसतो, पण त्यामागे वर सांगितलेलं कारण आहे. गावाच्या उत्पन्नातून जे होत नाही, ते वरून आणायचं. म्हणून मी काय करीन याची जागा मी काय आणीन यानं घेतली. आणि वरून येणारा निधी आपला क्रम घेऊनच येतो. योजना सुशोभीकरणाची असेल तर पैसा सुशोभीकरणावरच खर्च होतो, गटार तुंबलेलं असलं तरी. उमेदवाराचा प्राधान्यक्रम मग योजनांच्या यादीवरून ठरतो.

मंडळी, आता हे तीन टप्पे एकत्र ठेवून बघू. फुल्यांनी विचारलं, कशाला नाही म्हणायचं? महाडनं विचारलं, कोणाला आधी? आणि जकात गेल्यानंतरच्या काळानं विचारलं, पैसा कोणाचा? उमेदवार दारात येतो तेव्हा हेच तीन प्रश्न त्याला साध्या भाषेत विचारता येतात. “साहेब, ताई, यातलं एकच झालं तर कोणतं? सुरुवात कोणत्या गल्लीपासून? आणि वरून पैसे आलेच नाहीत, तर घरपट्टी-पाणीपट्टीतून काय होईल?”

तिसऱ्या प्रश्नाची एक बाजू आपल्याकडेही येते. पाणीपट्टी थकवायची, कर वाढवणार नाही म्हणणाऱ्याला मत द्यायचं, आणि रोज पाण्याची अपेक्षा ठेवायची, हे जमणारं नाही. गावाला स्वतःचा क्रम लावायचा असेल, तर स्वतःच्या खिशातला थोडा तरी पैसा लागतो. हजार रुपये कशावर खर्च करायचे, हा वाद फुले घालू शकले, कारण ते हजार रुपये पुण्याच्या तिजोरीत होते.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.